सत्यप्रत

"कागद अस्सल आहे. पोरगी तशी वाटत नाही," असं म्हणून काकांनी माझा जातीचा दाखला समोरच्या दोन पाहुण्यांकडे दिला. त्यांनी तो चहा पिता पिता वाचला. जात मोठ्यानं वाचली.

रविवारची सकाळ. राजधानीतल्या सरोजिनी नगरची सरकारी क्वार्टर्स. काका वरच्या मजल्यावरचे, मराठी, मोठे अधिकारी. मी सतरा वर्षांची. कॉलेजच्या फॉर्मला दाखल्याची झेरॉक्स लावायची होती आणि तिच्यावर 'सत्यप्रत' म्हणून गॅझेटेड अधिकाऱ्याची सही हवी होती. सोमवार शेवटचा दिवस. बाबा क्लार्क. त्यांची सही चालत नव्हती.

काका म्हणाले, हिचं मराठी किती शुद्ध आहे, अगदी आपल्या घरातल्यासारखं. पाहुणे हसले. मग काकांनी हिरव्या शाईचं पेन उघडलं आणि थांबले.

"तुमची अस्सल बोली येते ना? दोन वाक्यं बोलून दाखव. मग सही."

बाबा उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "बोल ना बेटा. काका मजा करतायत."

बोली मला येत होती. अकोल्याहून आत्या आली की बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून तिच्याशी त्या बोलीत बोलायचे. हळू. शेजारी ऐकतील म्हणून. मी दाराबाहेर बसून शिकले. दोन वाक्यं जिभेवर आलीसुद्धा. सांगायला आजही लाज वाटते, मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. हात मात्र पिशवीचा बंद पिळत होते.

मी म्हणाले, "कागद द्या काका. सही नको."

जिन्यात बाबा थांबले. वाटलं, आता ओरडतील.

"बरं केलं वं पोरी," ते म्हणाले. मोठ्यानं. वरपर्यंत ऐकू जाईल असं.

सोमवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सही केली.

आता स्वतःच्या कागदावर स्वतःची सही चालते. असे काका मात्र संपलेले नाहीत. सेमिनारमध्ये भेटतात. म्हणतात, मॅडम, तुमच्याकडचं काहीतरी ऑथेंटिक ऐकवा ना. शुद्ध बोलले तर मी नकली, बोलीत बोलले तर यांची करमणूक. शिक्का कायम यांच्याच खिशात.

तो तिथेच राहू दे. मला नको. बापाची भाषा मी लेकीशी बोलते, दार उघडं ठेवून. नमुना म्हणून कुणाला देणार नाही. बाबांचं एक वाक्य वर लिहिलंय, ते माझ्या मर्जीनं.

दुसरं मागू नका.