जोगळेकरांच्या भिंतीवरचा समुद्र

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीच चार माणसं वर्षानुवर्षं एका ठिकाणी चहा प्यायली की ते सोफ्याखालच्या धुळीसारखे आपोआप साठतात. आमचे साठले ग्लासगोत, डॉक्टर जोगळेकरकाकांकडे. काका भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड. नाद एकच: उत्तरेकडच्या समुद्रांचे जुने डच नकाशे. हॉलभर फ्रेम करून टांगलेले. मी आणि समीर, दोघं आयटीवाले, खरं तर काकूंच्या साबुदाणा खिचडीसाठी जायचो. काकूंनी प्रत्येकाला नाव घातलेला मग आणून ठेवला होता, स्वतःलाही.

*

एकदा समीरने नॉर्वेचा नकाशा परस्पर फिरवून टांगला. "काका, आडवा लागला होता. आता नॉर्थ वर आहे."

"अरे, ते लोक किनारा कागदात मावेल तसा काढायचे. नॉर्थ जाईना का कुठेही. आता नावं वाचायला कार्पेटवर आडवा हो."

समीर खरंच झाला.

*

एका नकाशावर ग्रीनलँडचा किनारा मध्येच थांबतो. पुढे कोरा कागद. काकूंनी विचारलं, "अर्धाच विकला की काय तुम्हाला?"

"खलाशांनी जेवढं पाहिलं, तेवढंच नकाशेवाल्याने काढलं."

"मग बरा माणूस. तुम्ही तर न चाखताच आमटीत मीठ कमी म्हणता."

*

आइसलँडच्या नकाशावर बारीक भोकं आहेत. मला वाटलं, कसर लागली. काका म्हणाले, बोटीवर अंतर मोजायला कर्काटक टेकवायचे, त्याच्या टोकाची ती भोकं. काकू त्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

"घरी परत आला असेल ना हो तो खलाशी?"

"नकाशा परत आलाय. म्हणजे आला असेल."

त्या संध्याकाळी काकू रत्नागिरीच्या बहिणीशी फोनवर कितीतरी वेळ बोलत होत्या.

*

काकूंचं लाडकं एक बेट होतं. ग्रीनलँडच्या खाली, ठळक, नावासकट. समीरने फोनवर झूम करून पाहिलं, तर नुसतं पाणी.

काका हसले. "नव्हतंच ते कधी. कुणा खलाशाला भास झाला, एका नकाशेवाल्याने काढलं, पुढच्यांनी त्याचं बघून उतरवलं. खोडणार कोण? नाही म्हणायला आधी तिथं जाऊन बघून यायला हवं."

"मग आपण जाऊ की बोटीने," काकू म्हणाल्या. "डबा मी घेते."

"रिटायर झालो की नक्की."

काका रिटायर झाले आणि त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. अजूनही त्या हॉलमध्ये शिरताना मी खिचडीचा वास शोधतो. फार आठवण येते त्यांची.

*

परवाच्या शनिवारी चहानंतर समीर कप विसळत होता. शेल्फवर काकूंचा मग नेहमीच्या जागी होता. समीर जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "काका, काकूंचा मग आता आत कपाटात ठेवू का?"

काका त्या बेटाच्या नकाशासमोर उभे होते. वळले नाहीत.

"तिथं जाऊन कुणी बघून आलंय का?"

समीरने नळ बंद केला.

"मग राहू दे जागेवर."