सील शाबूत, फॅट कमी

सील जसंच्या तसं होतं. सकाळी पाड्यावर मीच लावलेली कागदी पट्टी, तिच्यावर माझी सही, कुठे सुरकुतीसुद्धा नाही. तरीही शीतकरण केंद्राच्या यंत्रावर फॅट ५.९ आला. पाड्यावर तोच ६.८ होता.

"आता?" मॅनेजर पाटकरांनी विचारलं.

"कळत नाही."

"सील तुम्ही लावलंत. गाडीच्या मागे मोटरसायकलवर तुम्हीच आलात. मग संशय आता तुमच्यावर घ्यायचा का?"

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

मी दूध संकलनात सुपरवायझर आहे. राहायला वाशिंदला, काम शहापूर आणि मुरबाडच्या गावांत. कुठलं दूध कुठल्या मार्गाने किती वाजता केंद्रावर पोचतं, हे पाहणं माझं काम. फॅट म्हणजे दुधातला स्निग्धांश. म्हशीच्या दुधाचा भाव त्याच्यावर ठरतो. दुसरा आकडा एसएनएफ, म्हणजे पाणी आणि फॅट सोडून दुधात उरतं ते सगळं. पाणी घातलं तर दोन्ही आकडे उतरतात. साय काढली तर फॅट उतरतो, एसएनएफ जवळपास जागेवर राहतो.

आमचा एसएनएफ जागेवर होता. म्हणजे पाणी नाही, साय. आणि साय काही आपल्या पायांनी चालत जात नाही, असं पाटकरांचं म्हणणं.

हे सगळं त्या हिवाळ्यात सुरू झालं, जेव्हा एका कारखान्याच्या सामाजिक निधीतून आम्हाला एटीव्ही मिळाली. एटीव्ही म्हणजे चार जाड, बुटक्या टायरांची उघडी गाडी. बसायचं मोटरसायकलसारखं, चढायची ताकद ट्रॅक्टरची. मागे छोटी ट्रॉली जोडलेली. डांबरी रस्त्यावर तिला परवानगी नाही, आणि पावसाळ्यात शेतात चिखल. पण भाताची कापणी उरकली, मळणी झाली की बांधांवरून, ढेकळांवरून सरळ वाट पडते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या दोन पाड्यांवरून फाट्यापर्यंत पूर्वी माणसं कावडीने कॅन आणायची. त्याला तास-सव्वा तास लागायचा. एटीव्ही पंचवीस मिनिटांत यायची. फाट्यावरून पुढे टेम्पो.

गाडी चालवायचा किसन, वरच्या पाड्याचा. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला होता, "सायब, म्हसा गावच्या जत्रेत बैलाला बघाया येत नाय, तेवढी माणसं हिला बघाया येतात."

दूध लवकर पोचत होतं. आणि फॅट उतरत होता.

दोन पाडे, दोन कॅन. हे आधीच सांगितलं पाहिजे. दोन्ही पाड्यांचा वाघोबा, म्हणजे राखणदार वाघदेव, वेगळा. सकाळी कॅन निघायच्या आधी प्रत्येक पाडा आपल्या वाघोबाच्या दगडावर दुधाची धार सोडतो, जनावर राखावं म्हणून. एका वाघोबाच्या पाड्याचं दूध दुसऱ्या पाड्याच्या कॅनमध्ये जात नाही. संकलन सुरू करतानाच ही बोली झाली होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वरच्या पाड्याचा चाळीस लिटरचा कॅन बहुतेक भरायचा. खालच्या पाड्याचा निम्माच.

खालच्या पाड्याची संकलिका सुमन मेंगाळ. बारा घरांचं दूध मोजून घेणं, नमुना तपासणं, कॅन भरणं, सगळं तिच्याकडे. फॅट तिच्याच कॅनमध्ये जास्त उतरायचा. वरच्या पाड्याचा उतरायचा, पण थोडासा. त्यामुळे बोट तिच्याकडे गेलं. पाटकरांनी शनिवारपर्यंतची मुदत दिली. उत्तर मिळालं नाही तर खालच्या पाड्याचं संकलन बंद. त्या बारा घरांच्या दुधाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मी पाड्यावर गेलो तेव्हा दूध घालायला आलेल्या बायकांच्या रांगेत ठमीबाई नावाची म्हातारी मोठ्याने बोलत होती. "सुमनच्या पोरांच्या गालांवर बघ गो, कशी साय चढलीय."

सुमनने माप खाली ठेवलं. "चढू दे ना गो, मावशे. माझ्या दारात दोन म्हशी हायेत. तुझ्या कॅनातली कशाला चाटतील?"

रांगेतल्या दोघी हसल्या. तिसरीने आपली कासंडी उचलली आणि दूध न घालताच ती घरी निघून गेली. ती सुमनची सख्खी जाऊ होती.

"सायब, मी चोरी केली नाय," सुमन मला म्हणाली. "पण यंत्र रोज तेच दावतंय. मग मी काय बोलू?"

दोन्ही ठिकाणची यंत्रं मी अदलून-बदलून पाहिली. फरक तोच. वैरण बदलली असेल म्हणावं, तर वैरणीने पाड्यावरचाच आकडा उतरला असता. मग सील लावलं, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. त्यात एक दिवस एटीव्हीचं टायर फुटलं आणि कॅन पुन्हा कावडीने आले. त्या दिवशी फॅट बरोबर. पाटकर लगेच म्हणाले, "बघा, किसनच आहे." पण सील शाबूत असताना किसन झाकणातून साय काढणार कशी? तो काही जादूगार नव्हता. त्याला रिव्हर्स गिअरसुद्धा नीट पडत नव्हता.

घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आकडे सोडून एकदा दूध बघा ना."

दूध मी रोज बघत होतो. पण खरं सांगायचं तर बघत होतो पाड्यावर आणि केंद्रावर. मधे नाही.

शुक्रवारी मी मोटरसायकल पाड्यावरच ठेवली आणि ट्रॉलीत कॅनशेजारी बसलो. धुकं होतं, हाताला बोचेल इतका गारठा. हिवाळ्यात संध्याकाळचं दूध रात्रभर उघड्यावर टिकतं, म्हणून सकाळच्या दुधात तेही असायचं. कॅन हाताला गार लागत होता. किसनने गाडी सोडली आणि पहिल्याच बांधावर मी उडून परत आपटलो.

"धरून बसा, सायब! दूध बोलत नाय, म्हणून मी जोरात हाणतो."

दूध बोलत होतं. सुमनच्या निम्म्या कॅनमधून एकसारखा घुसळल्याचा आवाज येत होता. वरच्या पाड्याच्या भरलेल्या कॅनमधून जवळपास काहीच नाही.

फाट्यावर मी टेम्पोवाल्याला थांबवलं, सील फोडलं आणि झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा थर. दुधावर रव्याएवढे पांढरे कण तरंगत होते. बोटांत घेऊन चोळले. लोणी.

म्हशीचं लोणी पांढरंच असतं. दुधात ते डोळ्यांत भरत नाही. केंद्रावर एकेका पाड्याचा कॅन गाळणीतून वजनाच्या टाकीत ओततात आणि नमुना त्या टाकीतून घेतात. कण गाळणीत अडकत. गाळणी आणि कॅन लगेच गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. लोणी वितळून नाल्यात जाई. केंद्रावर कुणाला काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

तरी एका निरीक्षणावर मी पाटकरांसमोर उभा राहणार नव्हतो. शनिवारी सुमनला सांगून खालच्या पाड्याचं दूध एकत्र ढवळलं आणि दोन कॅनांत विभागलं. एक दहा लिटरचा, गळ्यापर्यंत भरलेला. दुसरा चाळीसचा, अर्ध्याच्याही खाली. एकच दूध, एकच ट्रॉली, एकच किसन. केंद्रावर लहान कॅनचा फॅट ६.७ आला. मोठ्याचा ५.८.

पाटकरांनी दोन्ही आकडे पाहिले. "म्हणजे एटीव्ही बंद करायची?"

"नाही. कॅन काठोकाठ भरायचा. आत हलायला जागा नसली की दूध घुसळत नाही."

"मग दोन्ही पाड्यांचं एकात ओता."

"ते होणार नाही," मी म्हणालो आणि वाघोबाचं सांगितलं. वीस लिटरचे कॅन मागवायचं ठरलं.

संध्याकाळी पाड्यावर जाऊन मी सगळं समजावलं. ठमीबाईने विचारलं, "मंग आमचं लोणी गेलं कुठं?"

"नाल्यात."

"रोज?"

"रोज."

ती हळूच म्हणाली, "देवा रं." आणि सुमनकडे न बघता पायाखालची माती उकरत राहिली.

सुमन मला म्हणाली, "सायब, ह्ये तुमी सांगताव. तुमी मला चोर बोलला नव्हता. जे बोलले, त्यांनी येऊन सांगावं."

मंगळवारी पाटकर आले. फाट्यापासून एटीव्हीवर, किसनच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारून. रांगेसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की चूक वाहतुकीची होती, बाईंची नव्हती. एवढंच. पण सांगितलं.

आता दोन्ही पाड्यांचे लहान कॅन येतात, आपापल्या वाघोबाला धार सोडून, गळ्यापर्यंत भरलेले. फॅटमधला फरक ०.१, कधी तोही नाही. सुमनचं संकलन सुरू आहे. तिची जाऊ मात्र अजून दूध घालायला येत नाही. दूध विरजून लोणी घरीच काढते म्हणे. मी एकदा विचारलं, तर "बरं चाललंय आमचं," एवढंच म्हणाली.

यंत्राने आम्हाला एका दिवशीही खोटं सांगितलं नाही. फॅट कमी आहे, एवढंच ते सांगत होतं. कुणी काढला, ते आम्ही पदरचं घालत होतो.