जाळीचा पॉलिश पेपर आणि ‘तुमचं चालून जाईल’

लेथवर लाकूड कातणाऱ्या मंडळींनो, दुपारपासून मन खट्टू आहे, म्हणून इथे लिहितेय.

धाकट्या बहिणीच्या वास्तुशांतीसाठी शिसवीचा वाडगा केला होता. सकाळी त्याला तेलाचा हात दिला आणि आतून गोल गोल ओरखडे उठून दिसले. शेवटी मी ३२० नंबरचा जाळीचा पॉलिश पेपर फिरवला होता. जाळीतून भुसा निघून जातो, पेपर बुजत नाही, म्हणून मी तोच वापरते. शंका आली, तेव्हा तो आणि जुना २२० एकाच फळीवर घासून पाहिले. बारीक असायला हवा तो ३२०च जास्त खरवडत होता.

तशीच कोथरूडहून बुधवार पेठेत गेले. पहिल्यापासून ज्या काकांकडून सामान घेते, त्यांनीच हे सुटे तुकडे स्वतःच्या हाताने नंबर टाकून दिले होते. मी फळी त्यांच्यापुढे ठेवली.

"अहो ताई, चांगला माल कारखानेवाल्यांसाठी ठेवावा लागतो," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही घरी हौस म्हणून करता. म्हटलं, तुमचं चालून जाईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"एवढं काय त्यात?"

गेल्या दिवाळीत त्यांच्या नातीला मी स्वतः कातलेला भोवरा दिला होता. तेव्हा केवढं कौतुक केलं होतं त्यांनी.

वाडगा पुन्हा १२० पासून घासायला घेतलाय. ओरखडे जातील.

हौशी माणसाच्या कामाला खालचा माल पुरतो, असं तुमच्या दुकानदारालाही वाटतं का? वाटत नसेल, तर त्याचा पत्ता कळवा.