पुसलेली प्लेट गार असते

सकाळची ड्यूटी संपवून मी घरी येते, दोन घास खाते आणि पंख्याखाली आडवी होते. दुपारचे अडीच वाजलेत. उशीजवळ एक फॉर्म आहे आणि त्यावर पेन. चार वाजेपर्यंत तो देसाई सिस्टरांच्या हातात पडायला हवा, कारण पाचला त्यांची संसर्गाच्या चौकशीची मीटिंग आहे. प्रश्न नऊ. आठांची उत्तरं मी रिक्षात बसल्या बसल्या लिहून टाकली. नववा मात्र डोळे मिटले तरी दिसतो. 'दोन रुग्णांच्या मध्ये एक्स-रे प्लेट निर्जंतुक केली होती का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. होयच्या चौकोनात मी पेनाने एक ठिपका देऊन ठेवलाय. बरोबरची खूण पुरी करायची राहिली आहे.

एकोणीस वर्षं मी एक्स-रे काढते. जे पेशंट खाली आमच्या खोलीपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूत जायचं, आणि एकच प्लेट एकेकाच्या पाठीखाली सरकवत फिरायचं. प्रत्येकाला नवी प्लास्टिकची पिशवी. पिशव्या संपल्या असतील तर स्पिरिटने पुढून, मागून, कडांवरून पुसायची आणि वाळेपर्यंत थांबायचं. शिकायला येणाऱ्या मुलींकडून मी हे इतकं घोटून घेते की हॉस्पिटलात माझं नाव स्पिरिटबाई पडलंय. म्हणून तर देसाई सिस्टर फॉर्म देताना हसल्या. "हेमाताई, तुम्हाला काय विचारायचं? आपली फॉर्मॅलिटी."

आयसीयूतल्या चार नंबरच्या पेशंटला एक चिवट जंतू झाला होता. पाच नंबरला द्रुपदाक्का चौगुले होत्या. तोच जंतू त्यांच्या तपासणीत निघाला आणि चार दिवसांपूर्वी त्या गेल्या. दोन्ही खाटा बघायची ती रेश्मा मुलाणी, कंत्राटी नर्स. महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपतंय. हात धुतले नसतील, असं सगळे म्हणतात. परवा कँटीनमध्ये कुणीतरी तेच म्हणालं तेव्हा मीही मान हलवली. त्याची लाज वाटते, पण हलवली खरी.

पंख्याचा आवाज जड होत जातो. मग तो पंख्याचा राहत नाही. आमच्या मशीनचं मागचं डावं चाक असंच कुरकुरतं. आवाज स्वयंपाकघरातून येतोय. मला नवल वाटत नाही, ओट्याला धक्का लागायला नको एवढंच वाटतं, म्हणून मी बघायला जाते.

ओट्याजवळच्या स्टुलावर द्रुपदाक्का बसल्यात. हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, पाय जमिनीला टेकलेले. आयसीयूत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. तळवे तसेच पिवळे. तीस वर्षं हळदीच्या कामावर होत्या, साबणाने रंग निघत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

"फोटू काढाय आलीस न्हवं?" त्या विचारतात.

"आक्का, तुम्ही गेलात."

"व्हय. म्हनून काय झालं? चा टाक."

मी चहा टाकते. पातेल्यात पाणी नाही, स्पिरिट आहे. वासावरून कळतं. मी गॅस बंद करते, एवढी अक्कल मला झोपेतही असते. वळून बघते तर ओटा लांब झालाय, त्यावर चादर आहे, बाजूला कठडा आहे, आणि आक्का पाच नंबरवर उताण्या पडल्यात. शेजारी चार नंबर. खिडकीतून सकाळचं ऊन येतंय. माझ्या हातात प्लेट आहे आणि मशीनवरचं पिशव्यांचं खोकं रिकामं आहे. म्हणजे हा तोच दिवस, बारा दिवसांपूर्वीचा.

"आदल्या दिशी म्या काय म्हनले व्हते तुला?" आक्का विचारतात.

"प्लेट गार लागते म्हणालात."

"आन?"

"अंगावर काटा आला होता तुमच्या. म्हणालात, मेल्यावर गार व्हायचंच हाय पोरी, आत्ताच कशापाय करतीस."

आक्का हसतात. "म्हनले खरी."

पुसलेली प्लेट गार असते. स्पिरिट उडून जातं आणि जाताना तिची सगळी ऊब घेऊन जातं. म्हाताऱ्या माणसाच्या उघड्या पाठीला ती कशी लागत असेल हे मी एकोणीस वर्षं बघतेय, म्हणून पुसल्यावर मी ती दोन्ही तळव्यांनी चोळते, जरा ऊब आली की मगच सरकवते. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच सुरू केलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वही होता.

"मग त्या दिशी काय झालं?" आक्का विचारतात. त्यांना माहीत आहे. माझ्या तोंडून ऐकायचंय.

"चार नंबरच्या पाठीखालून प्लेट काढली. त्याला ताप होता. प्लेट गरम होती."

"मग?"

"मला वाटलं, आज आक्कांना गार लागणार नाही."

"घाईत व्हतीस?"

"नाही."

घाई असती तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही कारण तरी झालं असतं. पण हाताशी वेळ होता, स्पिरिटची बाटली होती, कापूस होता. मी ती गरम प्लेट हातात धरली, मला बरं वाटलं, आणि ती तशीच आक्कांच्या पाठीखाली सरकवली. वर म्हणाले, आक्का, आज बघा कशी गरम आहे.

"आन म्या म्हनले, लई ब्येस वाटतंय," आक्का म्हणतात.

हे त्या खरंच म्हणाल्या होत्या. मला रडू येतं, पण डोळ्यांतून पाणी येत नाही, वाफ येते. सगळीकडे वाफ आहे. खाटेचा कठडा कुठेतरी गेलाय आणि मोठ्या कढईत हळद शिजतेय. पुढे अंगणभर शिजलेली हळद वाळत घातली आहे. वर दोरी बांधली आहे आणि दोरीवर दोन एक्स-रे टांगलेत.

"त्या फोटूत काय हाय?" आक्का विचारतात. आता त्या उभ्या आहेत, पदर खोचलेला. गाऊनला पदर कुठून आला कोण जाणे.

"एक चार नंबरचा, एक तुमचा."

"मला छातीतलं काय कळंना. तुला काय दिसतंय?"

मला छाती दिसत नाही. कोपऱ्यातलं एल दिसतं. पेशंटची डावी बाजू कळावी म्हणून आम्ही प्लेटवर शिशाचं छोटं एल अक्षर चिकटपट्टीने लावतो, ते फोटोत पांढरं उमटतं. प्लेट पुसायची तर ते काढावं लागतं आणि मग नवी पट्टी लावून पुन्हा चिकटवावं लागतं. हाताने चिकटवलेलं अक्षर दोनदा एकाच जागी, एकाच कलाने कधी बसत नाही. या दोन्ही फोटोंत ते नेमकं एकाच ठिकाणी आहे आणि उजवीकडे सारखंच कललंय. डॉक्टर फुप्फुसं बघतात. एलकडे कुणी बघत नाही. बारा दिवसांत माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही.

"निज हितं," आक्का म्हणतात.

मी वाळत्या हळदीवर उताणी होते. त्या माझ्या पाठीखाली प्लेट सरकवतात. सराईत हात आहे त्यांचा. प्लेट गरम आहे.

"कुणाच्या पाठीखालून आणलीत?"

"तुला काय करायचंय? गरम हाय न्हवं?"

"पुसली का, आक्का?"

पाठीला ओल लागते. घाम असावा, पण माझा नाही. मी उठायला बघते, तर त्यांचा पिवळा तळवा माझ्या खांद्यावर येतो. पेशंट हलू नये म्हणून मी ठेवते तेवढाच हलका.

"श्वास घे," त्या म्हणतात. "रोखून धर."

दिवसातून पन्नासदा मी हेच म्हणते. घ्या, धरा, सोडा. मी श्वास घेते आणि धरते. आक्का कढईपलीकडे जातात आणि निवांत बोलायला लागतात. सोडा म्हणत नाहीत.

"ती रेश्मा माझी येनी घालायची. कुनी सांगितलं न्हवतं तिला. केस उशीत गुततात म्हनायची. हात बघितलास का तिचं? धुऊन धुऊन सोलपटल्यात. बोटांच्या बेचक्यात भेगा. म्या म्हनले, खोबऱ्याचं त्याल लाव. तर म्हनली, आक्का, त्याल लावलं तर तुमाला हात लावाय परत धुवाय लागंल, परत आग व्हईल."

अंगणाच्या कडेला बेसिन आहे. रेश्मा पाठमोरी उभी आहे, हात धुतेय. कोपराने नळ बंद करते, पुन्हा कोपराने सुरू करते. तिच्याकडून हळदीचं पिवळं पाणी वाहत माझ्यापर्यंत येतं. मला तिला हाक मारायची आहे, पण श्वास रोखलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. छाती दुखायला लागते. बारा दिवस ती अशीच दुखतेय, तेही आत्ताच कळतं.

आणि मग माझ्याने राहवत नाही, श्वास न सोडताच विचारते. "माझ्यामुळे गेलात का तुम्ही?"

आक्का झारा खाली ठेवतात. "मला काय ठावं? मेल्यावर समदं कळतं, ह्ये तुला कुनी सांगितलं? वय झालंतं, छातीत पानी व्हतं, त्यात ह्यो ताप. कशानं गेले, त्ये डाक्टरबी छातीठोक सांगंना."

"मग मी काय लिहू?"

"तुला जेवढं ठावं हाय तेवढं लिव. न्हाई ठावं ते न्हाई म्हन."

"चौकशी लागेल माझी. एकोणीस वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. ज्या मुलींना मी शिकवलं त्या हसतील."

"हसतील की," आक्का म्हणतात. त्या माझी समजूत घालत नाहीत. फक्त जवळ येऊन बसतात. त्यांच्या अंगाला खोबरेलाचा वास आहे.

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला तर. न्हाई कसा यील? सून गावास्नं भेटाय यायच्या आत गेले म्या." थोडा वेळ त्या हळदीकडे बघतात. "पर गरम प्लेट घातलीस तवा तू माया केलीस, त्ये मला कळलं. चुकीची केलीस, पर माझ्यावर केलीस. आता त्या कागदावर ठिपका दिलायस, ती कुनावरची माया?"

मी मूठ आवळते.

त्या माझी मूठ उघडतात, काहीतरी ठेवतात आणि बोटं एकेक करून मिटवतात. "ह्ये तुझं हाय. माझ्याकडं राहिलंतं."

"आक्का—"

"सोड आता," त्या म्हणतात.

मी श्वास सोडते.

पंखा फिरतोय. तीन वाजून वीस मिनिटं झालीत. उशी घामाने ओली आहे आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, बोटं सरळ करताना दुखतात. आत शिशाचं एल आहे. त्या दिवशी काम आटोपल्यावर मी ते पट्टीसकट ओढून काढलं होतं आणि एप्रनच्या खिशात टाकलं होतं. तेव्हापासून मी दुसरं वापरते. एप्रन दाराच्या मागे खुंटीला आहे, पलंगापासून चार पावलांवर. झोपेत उठून काढलं असेल. काढलं असेलच, दुसरं काय.

मी ते उलटं करते. पट्टीच्या कडेला थोडी धूळ आहे आणि एक केस. लांब, पांढराशुभ्र, वेणीतला वाटावा असा मुडपलेला. तो मी आजवर पाहिला नव्हता. त्या दिवशी आक्कांच्या पाठीखाली तो पट्टीला चिकटला असणार.

नाकाशी धरते. खोबरेल.

होयमधला ठिपका मी खोडते. नाहीच्या चौकोनात खूण करते आणि खाली जागा नाही म्हणून पाठीमागच्या कोऱ्या पानावर लिहिते. तारीख, चार नंबर, पाच नंबर, दोन फोटोंतलं एल. घाई नव्हती, असंही लिहिते. मग देसाई सिस्टरांना फोन लावते.

"सिस्टर, फॉर्म घेऊन मी स्वतः येतेय. मीटिंगमध्ये मला पाच मिनिटं हवीत. त्या दिवशी प्लेट मी पुसली नव्हती."



"हेमाताई," त्या म्हणतात, "झोपेत बोलताय का तुम्ही?"

"नाही. आत्ताच उठले."

एल मी पुसत नाही. केसासकट एका नव्या पिशवीत घालून तिचं तोंड बंद करते. मग कोपरापर्यंत हात धुते आणि निघते.