चिंचेखाली हिरवा दिवा

झाडं मोजायला जावं आणि किस्से घेऊन परत यावं, असं आमच्या कामाचं झालंय! सकाळी नांदेडहून जीप निघते. पुढे ड्रायव्हर गफूरभाई आणि आमच्या मोजणीच्या प्रमुख कांबळे मॅडम, मागे टेप, फावडं आणि मी. गावात नवी दुकानं किती, ट्रॅक्टर किती, हे सगळेच मोजतात. आम्ही त्याच्या शेजारी झाडं, पाणी, पक्षी, हवा मांडतो. गाव खरंच वाढलं की नुसतं फुगलं, ते कळावं म्हणून.

माझी शाळा नववीतच सुटली, पण मोजणं मला जमतं. अडचण एकच, चार माणसांपुढे आवाज निघत नाही. मॅडमनी बजावलं होतं, "अहमदपूरकडच्या ग्रामसभेत आकडे तूच सांगायचे. नाही बोललास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

गफूरभाई म्हणाले, "घाबरतो कशाला बेटा? ग्रामसभेत कोण कुणाचं ऐकतंय!"

*

उमरीजवळच्या एका गावाला वाटलं, ही मोजणी म्हणजे बक्षिसाची स्पर्धा आहे. पोचलो तर शाळेमागे नवंकोरं जंगल! मॅडम खूश. सरपंच म्हणाले, आधी चहा.

चहा पिऊन येतो तर जंगल गायब, आणि शेळ्या निवांत रवंथ करत बसलेल्या. झाडं कसली, नुसत्या फांद्या रोवल्या होत्या!

सरपंच डगमगले नाहीत. "मग शेळ्या लिहा मॅडम. जनावरंबी निसर्गच हाय की!"

*

पक्षी पहाटे, गुपचूप बसून मोजायचे असतात. पुढच्या गावाला तसा फोनही केला होता. तरी वेशीवर हलगी, ताशा आणि फटाक्यांची माळ!

मॅडमनी कानावर हात ठेवून विचारलं, "अहो, पक्षी कुठं आहेत?"

"येतील की! सत्काराला समद्यांना बोलावलंय!"

*

तिसऱ्या गावातल्या दिगंबरमामांची विहीर गेल्या खेपेला कोरडी होती. या खेपेला दोरी सोडली तर पाणी! काठावर टँकरच्या चाकांच्या ताज्या खुणा.

"मामा, टँकर ओतला का?"

"हाव. पाणीबी वाढलं, टँकरवाल्याचा धंदाबी वाढला. दोन्हीकडं लिहा!"

*

मग ते अहमदपूरकडचं गाव. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी एसटी थांब्याजवळच्या चिंचेखाली हवेचं यंत्र घेऊन बसलो होतो. तळहाताएवढं यंत्र. धूळ-धूर जास्त असला की लाल दिवा, कमी असला की हिरवा.

भाजी विकणाऱ्या सखूमावशी आल्या, पदर सावरला आणि दंड पुढे केला. "बघ बरं, बीपी किती हाय?"

हे ते यंत्र नव्हे, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हिरवा आहे, मावशी."

"बघा! आन् दवाखान्यात म्हणतात लई वाढलंय!"

"गोळ्या मात्र चालू ठेवा," एवढं तरी मी बोललो.

*

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ठराव असा, की ती चिंच तोडून तिथं दुकानांचे गाळे बांधायचे. चिंचेची हवा, सावली, पक्षी, सगळे आकडे माझ्याकडे होते. मी उभा राहिलो.

"ती... चिंच..."

सरपंच म्हणाले, "कुणाची हरकत न्हाई ना? मग ठराव..."

काहीच सुचेना, म्हणून मी यंत्र टेबलावर ठेवून चालू केलं. बाहेर ऑटो आणि ट्रॅक्टर धूर सोडत होते. दिवा लालभडक!

सखूमावशी किंचाळल्या, "आगं बया! माझं वाढलं की!"

माझा हात धरून त्यांनी मला यंत्रासकट चिंचेखाली ओढत नेलं. मागे अख्खी ग्रामसभा. तिथं जरा वेळानं दिवा हिरवा झाला.

"उतरलं! ही चिंच तोडलीत तर माझ्या जिवाची जिम्मेदारी कोण घेतंय?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर गफूरभाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

सरपंचांनी वाकून हिरवा दिवा निरखला. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "गाळे पल्याडच्या पडीक जागेवर लिहा." आणि शर्टाची बाही वर करून त्यांनी दंड माझ्यापुढे धरला.

त्यांच्या मागे सगळं गाव बाह्या वर करत होतं. मॅडम कुजबुजल्या, "अरे, आता तरी बोल!"

आणि मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडलो,

"लायनीत या!"