भिंतीतला गजरा

लग्नाला येऊन नवरा-नवरीकडे न बघता त्यांच्या गळ्यातल्या हारांकडे बघणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. सोनईचा. शुगर फॅक्टरीतून रिटायर झाला आणि लग्नातली फुलं वाळवून जपायचं वेड लावून घेतलं. अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे पळतात. हा टोपली घेऊन स्टेजमागे उभा. भाजी कसली होती विचारा, सांगता येणार नाही. हारात गुलाब किती, निशिगंध किती, ते मात्र तोंडपाठ. माझ्या पोरीच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता, मीसुद्धा, आणि हा पठ्ठ्या गाडीच्या बॉनेटवरची फुलं सोडवत होता. पोरगी माझ्या गळ्यात, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर, आणि तिचा सासरा म्हणतो, "रडा, रडा, घाई न्हाई. एवढा एक गुच्छ निघू द्या."

त्याची रीत अशी. नदीची बारीक वाळू धुवायची, चाळायची, उन्हात तापवायची. तेलाच्या रिकाम्या डब्यात फुलं मांडायची आणि वरून वाळू सोडायची, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी सोडावं तशी. महिनाभर डबा हलवायचा नाही. मग फुलं काचेच्या चौकटीत बसवून नवरा-नवरीला द्यायची. त्याच्या घरी पाय ठेवायला जागा नाही. विहीणबाई म्हणतात, "आमच्यात लोणच्याची बरणी उघडली तरी झेंडू निघतो."

मी त्याला तोंडावर येडा म्हणायचो. माझी शाळा चौथीपर्यंत, धंदा गवंड्याचा. फूल आज देवाला, उद्या शेळीला, एवढीच अक्कल. माझ्या लग्नातला हार शेळीनंच खाल्ला होता आणि मी ते चाळीस वर्षं हसून सांगत फिरलो. बायको त्यावर कधी हसली नाही, हे मला आता आता आठवायला लागलंय. पोरीच्या लग्नात मात्र मी तिला गजरा आणला. श्रीरामपूरच्या बाजारातून, मोगऱ्याचा, चंदेरी दोऱ्यात ओवलेला. जन्मातला पहिला, आणि तोही फुलवाल्यानं हारांवर फुकट दिला म्हणून. पाठवणीआधी तिनं तो डोक्यातून काढून व्याह्याच्या हातात दिला. "दादा, एवढा माझा बी ठेवा. ह्यांच्या हातून दुसरा कवा यील, भरवसा न्हाई."

पंधरा दिवसांनी व्याह्याच्या मागच्या पडवीची भिंत प्लॅस्टरला निघाली. "गवंडी कशाला लावता, मी हाय की," म्हणून मी ऐटीत थापी घेऊन गेलो. बायकोही पोरीला भेटायला म्हणून बरोबर आली. शेवटच्या हाताला बारीक वाळू कमी पडली. कोपऱ्यात बघतो तर तीन डबे, काठोकाठ. अशी वाळू उभ्या जन्मात पाहिली नव्हती. चाळायचीही गरज नाही! केले पालथे सिमेंटवर. शिंतोडे उडतात म्हणून चष्मा खिशात. काहीतरी कचरा दिसला, तो फावड्यानं मोडला. भिंत अशी गुळगुळीत केली की मीच माझी पाठ थोपटावी.

व्याही आला, त्यानं रिकामे डबे बघितले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ओल्या भिंतीवरून नुसता हात फिरवत राहिला. एका जागी चंदेरी दोरा वर आला होता. "व्याही, हितं विहीणबाईंचा गजरा हाय," एवढंच बोलला. माझी बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "एकदाच गजरा आणला, तो बी ह्यांनीच भिंतीत गाडला!"

गेल्या वर्षी ती गेली. लुगडी तिच्या बहिणींनी नेली. फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती माझ्यावर चिडल्यासारखी दिसते, आणि तिचं खरंच आहे. मी तिला दिलेलं असं घरात काय उरलंय, ते शोधत बसलो. काही नव्हतं. मग पिशवीत छन्नी-हातोडा घातला आणि सोनई गाठली. मनाशी ठरवलं, भिंत फोडीन पण गजरा काढीन.

दिवाळीचा रंग सगळ्या घराला लागला होता. मागच्या पडवीत मात्र हातभर जागा तशीच कोरी सोडलेली. तिला लाकडी चौकट ठोकलेली, मधोमध तो दोरा आणि दोन-तीन तपकिरी पाकळ्या. खाली चिठ्ठी. अक्षर अक्षर जुळवून वाचली: 'विहीणबाईंचा गजरा. व्याह्यांनी आणलेला.'

व्याही मागे येऊन उभा राहिला. पिशवीतली छन्नी त्याला दिसलीच. "फोडू नका, व्याही. हातात भुगा यील नुसता." मग म्हणाला, "टिकंल ना हो हे?"

"माझ्या हातचं प्लॅस्टर हाय," मी म्हटलं. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकंल."

चौकटीचा खालचा एक खिळा ढिला होता. हातोडा बाहेर काढला आणि तेवढा ठोकून दिला, हलक्या हातानं.