गिरडची टेकडी, बाबांची साखर आणि पिशवीतली कागदपत्रं

गिरडला जायचं ठरलं ते बाबांच्या हट्टामुळे. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की साखर काठावर आली आहे. गोड बंद करा, भात कमी करा, रोज चाला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू, उतरली नाही तर गोळी सुरू. ती तपासणी सोमवारी होती आणि बाबांना निकाल शनिवारीच हवा होता. गिरडची टेकडी न थांबता चढलो तर साखर उतरली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. बाबा निवृत्त तलाठी, त्यामुळे निकाल स्वतः लावायची सवय जुनी आहे.

घाबरले होते, हे मात्र खरं. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, गिरडलाच राहतात. साखरेपायी त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट दोन वर्षांपूर्वी काढावं लागलं. तेव्हापासून बाबा रोज आंघोळीनंतर आपली बोटं तपासतात आणि आम्ही कोणी बघितलं की नखं बघत असल्याचं भासवतात.

सकाळी सातला मी आणि बाबा वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून स्कूटीवर निघालो. पेट्रोल तीनशेचं टाकलं, जाऊन येऊन पुरलं. हिंगणघाटवरून जाम चौरस्ता, तिथून समुद्रपूर आणि पुढे गिरड. साधारण ऐंशी किलोमीटर. रस्ता चांगला आहे, फक्त कापसाच्या गाड्यांच्या मागे अडकलात तर सबुरी ठेवा. जायचं तर थंडीतच जा. मे महिन्यात त्या टेकडीवर चढायचं धाडस आमच्याकडचे लोक करत नाहीत, तुम्हीही करू नका.

बाबांनी एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. आत काय आहे विचारलं, तर कागदपत्रं म्हणाले. टेकडी चढायला कसली कागदपत्रं, हे विचारायची सोय नव्हती, कारण तेवढ्यात त्यांना हिंगणघाटच्या तर्री पोह्याचा वास आला होता. तीस रुपये प्लेट. बाबांनी पोहे माझ्याकडे सरकवले, स्वतः त्यावरची तर्री, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा, तेवढी प्याले आणि बिनसाखरेचा चहा मागितला. चहावाल्याने आजारी आहात का विचारलं. बाबा म्हणाले, "नाई, सुधरून राह्यलो." मला खरंच अभिमान वाटला.

गिरडला टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली. आम्ही बुद्धविहारात जाणारी माणसं, नवस बोलत नाही. पण टेकडीवरच्या शेख फरीदांच्या दर्ग्यावर या भागातलं कोण जात नाही? इथे सुपारीसारखे, जायफळासारखे गोल दगड सापडतात. सांगतात की दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. फुलं विकणाऱ्या बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा बाबांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

अर्ध्या वाटेवर ते थांबले. दम लागला म्हणून नाही, देखावा बघायला, असं त्यांनी लगेच जाहीर केलं. देखावा त्यांनी चार ठिकाणी बघितला. वर पोचलो तेव्हा हवा सुंदर होती, खाली शेतं पसरलेली होती आणि बाबांचा चेहरा उतरला होता. उतरताना त्यांनी एक गोल दगड उचलून खिशात टाकला.

मोठेबाबांकडे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मोठीआईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, भाताचा आग्रह केला नाही, याचंच मला नवल वाटलं. हात धुतल्यावर बाबांनी पिशवीतून कागदपत्रं काढली. गोरसपाकाचे दोन डबे.

वर्ध्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोरसपाक म्हणजे गायीच्या तुपातलं, तोंडात विरघळणारं गोड बिस्किट. वर्ध्याचा माणूस पाहुणा म्हणून कुठेही निघाला की हातात हा डबा असतोच. मी कपाळाला हात लावला. बाबांनी शांतपणे समजावलं की हे गोडात मोडत नाही, हे गायीचं तूप आहे, उलट अंगाला लागतं. मग हळूहळू बाहेर पडलं की त्या तीन महिन्यांतही ते रोज सकाळी दोन खात होते. पेढा बंद, जिलेबी बंद, गोरसपाक मात्र औषधाच्या रकान्यात.

मोठेबाबा हसत होते. त्यांनी डबा उचलला, बघितला आणि परत बाबांच्या मांडीवर ठेवला.

"तीस वर्सं तू हेच आणत गेला, मी खात गेलो. डॉक्टरनं पथ्य सांगतलं, तवाही खाल्लं. म्हटलं, धाकट्यानं आणलेलं मले काय बाधते?" मग पाय पुढे करत म्हणाले, "ह्या बोटात अर्धा वाटा तुहा हाय, बाप्पा."

मोठीआईसुद्धा हसली. बाबा हसले नाहीत. मांडीवरचा डबा फिरवत म्हणाले, "दादा, मग रिकाम्या हातानं येऊ काय?"

"तुहे हात काय कमी हायेत? रिकामेच येजो."

परतीच्या वाटेवर बाबांनी टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबवायला लावली. डबे फुलवाल्या बाईंच्या नातवंडांसाठी देऊन टाकायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण त्या पोरांच्याही पायाला दहाच बोटं आहेत, असं म्हणून ते परत घेऊन आले. एक डबा आईने शेजारपाजारी एकेक वाटून संपवला. दुसरा बाबांनी स्वतः रिकामा केला, कसा ते मी विचारलं नाही.

सोमवारी साखर उतरलेली निघाली, पण थोडीच. कुठे चुकलं असं डॉक्टरांनी विचारताच बाबांनी, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी उलटतपासणी न घेता, सगळं कबूल केलं. आणखी तीन महिने मिळाले आहेत. आता चहासोबत फुटाणे खातात आणि आमच्याकडे असं बघतात की जणू फुटाणे आम्ही शोधून काढले.

मागच्या आठवड्यात ओळखीचे एक जण गिरडकडे निघाले होते. बाबांनी रिकाम्या डब्यात तो गोल दगड कागदात गुंडाळून ठेवला, डब्याला दोरा बांधला आणि दादाला द्या म्हणून पाठवून दिला.

संध्याकाळी मोठेबाबांचा फोन आला.

"डबा पोचला. एक दात हालला," ते म्हणाले, "पन गोड लागला."